उत्तरेची सावली

तानाजी शिगवणला कुणी विचारलं, "आपण काय करता?" तर तो सरळ सांगतो, "एसीवाला." सांगताना मान तसूभरही खाली जात नाही. मस्कतच्या जून महिन्यात बंद पडलेल्या एसीखाली ज्याने एक दुपार काढली आहे, त्याला या शब्दाचं मोल समजावून सांगावं लागत नाही. बँकेचा मॅनेजर असो, शाळेची प्रिन्सिपल असो, नाहीतर दहा बिल्डिंगांचा अर्बाब म्हणजे मालक असो, पारा अठ्ठेचाळीसवर गेला की सगळ्यांचे फोन तानाजीला येतात आणि सगळ्यांचा आवाज एकदम मऊ झालेला असतो.

तो मूळचा गुहागर तालुक्यातला. चिपळूणच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून बाविसाव्या वर्षी मस्कतला आला, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. दार्सैतला, कृष्णमंदिरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर दोन खोल्या, बायको सुगंधा, आणि आठवीतली मुलगी उर्वी. एवढा त्याचा संसार. या पंचवीस वर्षांत त्याने बसवलेल्या मशीनबद्दल "बसवलं चुकीचं" अशी एकही तक्रार आली नव्हती. हे तो स्वतः सांगायचा नाही, पण कुणी दुसऱ्याने सांगितलं तर अडवायचाही नाही.

त्याला हा धंदा शिकवला अलीमियाँनी. अलीमियाँ दाभोळचे, म्हणजे खाडीच्या अल्याड-पल्याडचे शेजारीच. मस्कतच्या रुवी भागात त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, अजून आहे. अलीमियाँनी दोन गोष्टी पहिल्या महिन्यातच तानाजीच्या डोक्यात खिळ्यासारख्या ठोकल्या. पहिली, आउटडोअर नेहमी उत्तरेला. गरम हवा बाहेर फेकणारा तो डबा दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या उन्हात ठेवला की स्वतःच भाजून निघतो, मग तो घर काय गार करणार? "उत्तरेच्या सावलीत ठेव आणि झोप खुशाल," ते म्हणायचे. दुसरी गोष्ट, बघितलेलं लिहून ठेव, आणि ते पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिही. तारीख, वेळ, गॅसचं प्रेशर, करंट. "कागद हरवतो. दार कुठं जातंय?"

मस्कतमधल्या किती पॅनेलांच्या दारांमागे तानाजीचं देवनागरी अक्षर आहे, याची मोजदाद कुणीच केलेली नाही.

अशा या माणसाला दोन वर्षांपूर्वी एक निराळंच काम मिळालं. निझवाच्याही पुढे, डोंगरमाथ्यावरच्या एका उघड्या पठारावर एक कंपनी पांढरा घुमट बांधत होती. घुमटात दुर्बीण होती, पण तारे बघायला नव्हे. उपग्रह पृथ्वीचे फोटो काढतात, ते खाली पाठवायचे तर रेडिओने पाठवतात. फोटो डोंगराएवढे आणि रेडिओची वाट गल्लीएवढी, त्यामुळे सगळं तुंबून राहतं. त्याऐवजी उपग्रहाने लेझरचा किरण खाली सोडायचा आणि दुर्बिणीने तो झेलायचा. प्रकाशाच्या या वाटेने कितीतरी पट माल एका दमात उतरतो. अडचण एकच. ढग आला की प्रकाश अडतो. म्हणून अशा स्टेशनाला वर्षातले बहुतेक दिवस कोरडं, निरभ्र आकाश लागतं, आणि त्या बाबतीत ओमानला देवाने हात आखडता घेतलेला नाही.

हे सगळं तानाजीला समजावून सांगितलं बुथैनाने. बुथैना किनाऱ्यावरच्या सूर गावची, वय तीसच्या आसपास, दुर्बीण चालवणारी इंजिनीअर. उपग्रह दक्षिणेकडून उगवून डोक्यावरून उत्तरेला जाईपर्यंत सहा-सात मिनिटं मिळतात, तेवढ्या वेळात दुर्बीण त्याच्यावरून केसभरही हलता कामा नये, हे तिचं काम. बाकीचे इंजिनीअर एसीवाल्याशी "कूल करो" यापलीकडे बोलत नसत. ही मात्र चहाचा कप घेऊन त्याच्या पॅनेलशी उभी राहायची आणि अरबी, हिंदी, इंग्रजी असं जे हाताला लागेल ते मिसळून सांगायची.

"मिस्टर तानाजी, ती खोली बावीस डिग्रीला हवी. एक डिग्री इकडेतिकडे, खलास. लेझर रुसतो."

"आपल्या खोल्या रुसत नाहीत, मॅडम," तानाजी म्हणाला.

आणि खरंच रुसली नाही. भिंतींना आतून त्याने स्वतः उभं राहून दुप्पट जाडीचं इन्सुलेशन लावून घेतलं, दाराच्या फटी बोट फिरवून तपासल्या. नकाशात एकच गोष्ट त्याला खटकली. कुणा शहाण्याने दोन्ही आउटडोअर साठ मीटर लांब, पश्चिमेला उतारावर, जनरेटरच्या शेडमागे दाखवले होते. साठ मीटर पाइप आणि वर पश्चिमेचं ऊन! तानाजीला हसूच आलं. कागदावर रेघा ओढणाऱ्यांचं हे असंच, उंटावरून शेळ्या हाकायच्या. त्याने साइट मॅनेजरला पटवलं, बदलाच्या कागदावर स्वतः सही केली, आणि घुमटाच्या उत्तरेला आठ मीटरवर, घुमटाच्याच सावलीत, लोखंडी स्टँडवर दोन्ही आउटडोअर असे बसवले की बघत राहावं. वेल्डिंग घासून गुळगुळीत, पाइप कवायतीला उभ्या असल्यासारखे सरळ. त्याने फोटो अलीमियाँना पाठवला. अलीमियाँनी तो अर्ध्या रुवीला दाखवला.

घरी मात्र या कामाचं कौतुक वेगळ्याच नावाने चाललं होतं. उर्वीने शाळेत सांगून टाकलं होतं की तिचे बाबा स्पेसमध्ये आहेत. तानाजी गुरुवारी संध्याकाळी सुट्टीला डोंगरावरून घरी आला की ती त्याला पढवायची.

"बाबा, तू एसी म्हणू नको ना. स्पेस कंपनी म्हण."

"का गं? एसीत काय वाईट आहे?"

"वाईट नाही... पण माझे फ्रेंड्स... म्हणजे, इट साउंड्स..." मराठी संपलं की उर्वी हात हलवायची. वर्गातल्या मुली आपसात इंग्रजीच बोलत, घरचं मराठी तिला अडखळत यायचं, आणि वाचताना तर प्रत्येक जोडाक्षरापाशी गाडी थांबायची.

"लिहिलंय त्याच्या कार्डावर, टेक्निशियन," सुगंधा ताटं मांडत म्हणायची. "टेक्निशियन म्हण आणि जेव. भाकरी गार होते."

तानाजी हसून सोडून द्यायचा. पण खरं सांगायचं तर त्याला ते थोडं लागायचं.

यंदाच्या जानेवारीत स्टेशनाची परीक्षा लागली. ज्या परदेशी कंपनीचे उपग्रह होते, तिचा माणूस आठवडाभरासाठी आला. युर्गन त्याचं नाव. उंच, शांत, आणि प्रत्येक गोष्ट लिहून ठेवणारा, त्यामुळे तानाजीला तो पहिल्याच दिवशी आवडला. रोज दुपारी चार-सव्वाचारला उपग्रह जायचा. त्या वेळी किरण शेवटपर्यंत टिकला पाहिजे, निदान एकदा पूर्ण टिकून दाखवला पाहिजे, नाहीतर स्टेशन नापास. पुढच्या गुरुवारी युर्गन रिपोर्ट लिहून जाणार, तोवर कुणाला सुट्टी नव्हती.

पहिल्या दिवशी दक्षिणेकडून उपग्रह वर आला, किरण जुळला, डोक्यावर आला तोपर्यंत उत्तम. उत्तरेकडे उतरायला लागला आणि फट्कन तुटला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तुटला, जुळला, परत तुटला. सोमवारी एकाएकी थंडी वाढली होती, त्या दिवशी किरण जवळजवळ टिकला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, तर शेवटच्या मिनिटाला तुटलाच. वर ढगाचा ठिपका नव्हता.

आरसे तपासले. मोटारी तपासल्या. सगळं ठणठणीत निघालं. आणि यंत्र ठणठणीत निघालं की जगभर जे होतं तेच इथे झालं, यंत्राशेजारच्या माणसाकडे बोट गेलं. उपग्रह डोक्यावरून पलीकडे जाताना दुर्बिणीला गर्रकन वळावं लागतं, ते वळण बुथैनाच्या देखरेखीखाली व्हायचं. किरण तुटायचा तो त्या वळणानंतरच. मंगळवारी सकाळी कँटीनमध्ये तानाजीच्या कानावर आलं की रिपोर्टात "चालवणाऱ्याची चूक" असं लिहिलं जाणार, आणि तिच्या जागी बाहेरून माणूस येणार.

त्या दिवशी बुथैना चहा न घेताच पॅनेलशी येऊन उभी राहिली.

"माझा हात चुकत नाही, मिस्टर तानाजी," ती म्हणाली. "मला माहीत आहे. पण माहीत असून काय उपयोग? दाखवायला माझ्याकडे काही नाही." तिने आपल्या वहीतलं एक पान फाडून घडी केलं, परत उलगडलं. किरण कुठल्या दिवशी किती वाजता तुटला त्याच्या वेळा होत्या. "आजोबांना सांगितलं होतं सूरला, परीक्षा झाली की घरी येते आणि आकाशातून कसं पत्र येतं ते सांगते. आता काय सांगू?"

ती गेली, पान तिथेच पॅनेलवर राहिलं.

दुपारी चार वाजता नियमाप्रमाणे सगळे आपापल्या जागी गेले. उपग्रह जात असताना घुमटात कुणी हलायचं नाही असा हुकूम होता. पण त्या दिवशी उत्तरेच्या आउटडोअरचा एक पंखा किंचित घरघरतोय असं तानाजीला सकाळपासून वाटत होतं, म्हणून परवानगी काढून तो बाहेर, स्टँडपासून लांब, एका दगडावर कान देऊन बसला. समोर आठ-दहा मैलांवर डोंगराची धार होती. जानेवारीची हवा, सुरीने कापल्यासारखी स्वच्छ रेघ.

कॉम्प्रेसर लागला. पंखे फिरले. या मशीनचे पंखे वर तोंड करून हवा फेकतात. आणि तानाजीने पाहिलं, स्टँडच्या बरोबर वर, डोंगराची ती रेघ थरथरायला लागली. इकडे डावीकडे रेघ स्थिर, तिकडे उजवीकडे स्थिर, आणि मधोमध, आउटडोअरच्या डोक्यावर, डोंगर उकळत्या पाण्याच्या तळाशी असल्यासारखा हलत होता. त्याने वळून घुमटाकडे पाहिलं. दुर्बीण त्याच दिशेला, त्या थरथरत्या हवेच्या आरपार, उत्तरेकडे तोंड करून उतरत होती.

आतून कुणीतरी इंग्रजीत शिवी हासडली. किरण तुटला होता.

तानाजी आत आला आणि पॅनेलचं दार उघडून उभा राहिला. हुकूम मोडून हलायचं नाही म्हणून गेले काही दिवस तो रोज त्या वेळी पॅनेलशीच बसायचा, आणि रिकामं बसायची सवय नसल्याने कॉम्प्रेसर कितीला लागला, कितीला सुटला, हे दारामागे मिनिटासकट लिहून ठेवायचा. त्याने बुथैनाचं पान शेजारी धरलं.

शनिवार. किरण तुटला ४:२१. दारावर: कॉम्प्रेसर चालू ४:२१.

रविवार. तुटला ४:१९, जुळला ४:२१, तुटला ४:२२. दारावर: चालू ४:१९, बंद ४:२१, चालू ४:२२.

सोमवार, तो थंडीचा दिवस. कॉम्प्रेसर लागलाच नव्हता, लागला तो अगदी शेवटी. गरम हवेतून डोंगर थरथरतो, तसाच किरणही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार-पाच दिवस शहाणीसुरती माणसं आकाशात चूक शोधत होती आणि चूक आठ मीटरवर, रंग देऊन, पॉलिश करून, उत्तरेच्या सावलीत उभी होती. त्याने स्वतः उभी केलेली.

नकाशा काढणारा उंटावर नव्हता. त्याने साठ मीटर लांब दाखवलं होतं ते याचसाठी. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला आपल्या हातांची लाज वाटली.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. युर्गनच्या लॅपटॉपमध्ये जो नकाशा होता तो जुना होता. त्यात आउटडोअर अजून पश्चिमेलाच होते. बदलाचा कागद साइट मॅनेजरच्या फाइलीत पडून होता आणि तो मॅनेजर कधीच नोकरी सोडून गेला होता. उद्या बुधवारी, शेवटच्या दिवशी, चारला पाच कमी असताना तानाजीने गुपचूप एक बटण दाबलं असतं, तर किरण टिकला असता, स्टेशन पास झालं असतं, आणि नंतर सर्व्हिसिंगच्या नावाखाली आउटडोअर हलवले असते तर कुणाला कळलंही नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त आधीच्या सगळ्या दिवसांच्या खाली "चालवणाऱ्याची चूक" हे तसंच राहिलं असतं, आणि एक दिवस जमलं म्हणून कुणी ते खोडत बसलं नसतं.

तानाजी बाहेर जाऊन त्याच दगडावर बसला आणि त्याने अलीमियाँना फोन लावला. ऊन अजून डोंगरावर होतं. त्याने सगळं सांगितलं.

पलीकडे दुकानातलं गिऱ्हाईक थांबवून अलीमियाँनी सगळं ऐकून घेतलं.

"उत्तरेलाच लावायचा," अलीमियाँ म्हणाले. "पन्नास वरसं लावतोय मी. कधी चुकला नाय."

"घराला नाय चुकला, अलीभाय. इथं वरनं बघणारं दुसरंच कायतरी आहे."

"हूं." मग ते म्हणाले, "ती पोर कुठली म्हणालास?"

"सूरची."

"आणि तुझी पोर केवढी आता?"

"तेरा."

"मग मला कशाला फोन केलास रे? तुला माहीत हाय काय करायचा तो." म्हातारा खाकरला. "सांग जा. पण सगळी चूक तुझी नको म्हणू. शिकवला मी हाय. अर्धी माझी."

तानाजीला हसू आलं आणि डोळेही भरले. उठून तो आत गेला. पॅनेलचं दार उघडलं, पेन काढलं आणि त्या सगळ्या वेळांखाली लिहिलं. एरवी तो आकडे लिहायचा, या वेळी अक्षरं लिहिली आणि खाली पूर्ण नाव घातलं.

बुधवारी सकाळी मीटिंग होती. एसीवाल्याला मीटिंगला कुणी बोलावत नाही. तानाजी दार वाजवून आत गेला, हातात बुथैनाचं पान आणि मोबाइलमध्ये पॅनेलच्या दाराचा फोटो.

"सर, पाच मिनिट," तो युर्गनला म्हणाला. त्याचं इंग्रजी कामापुरतं होतं, पण आज बोलायचं होतं ते कामाचंच होतं. "मॅडमचा हात बरोबर आहे. हवा खराब आहे. हवा माझी आहे."

कुणाला काही कळलं नाही. तानाजीने टेबलावर पान ठेवलं, शेजारी फोटो ठेवला, आणि एकेका वेळेवर बोट ठेवत गेला. तिसऱ्या ओळीला युर्गन खुर्चीतून पुढे झुकला. पाचव्या ओळीला उभा राहिला. बुथैना बसूनच होती, दोन्ही हात टेबलावर घट्ट धरून.

"पण आउटडोअर तर पश्चिमेला आहेत," युर्गन म्हणाला आणि लॅपटॉप फिरवला.

"कागदावर पश्चिमेला. मी उत्तरेला आणले. माझी सही आहे." तानाजीने लॅपटॉपवरच्या नकाशावर बोट ठेवलं. "कागद बरोबर होता. मी चुकलो."

पंचवीस वर्षांत न म्हटलेले ते शब्द अखेर तोंडातून गेले, आणि गंमत म्हणजे छप्पर पडलं नाही. युर्गनने पहिला प्रश्न विचारला तो कामाचा होता.

"आज चार वाजता ते बंद ठेवता येतील?"

"बंद ठेवले तर लेझरची खोली तापेल," दुसरा एक इंजिनीअर म्हणाला. "सहा मिनिटांत दोन डिग्री वर जाईल. मग लेझरच बंद पडेल."

इथे मात्र तानाजीची मान वर झाली.

"नाही जाणार," तो म्हणाला. "भिंती मी भरल्यात. दुपारी तीनपासून हळूहळू एकवीस पॉइंट दोनला आणून ठेवतो. चारला पाच कमी असताना दोन्ही बंद. अर्ध्या तासात खोली बावीसच्या वर गेली तर माझं नाव बदला."

"इन्शाल्ला," बुथैना हळूच म्हणाली.

चारला पाच कमी असताना तानाजीने बटण दाबलं. दोन्ही कॉम्प्रेसर शांत झाले आणि पठारावर एकदम वारा ऐकू येऊ लागला. पॅनेलवरचा आकडा एकवीस पॉइंट दोन. बुथैना दुर्बिणीच्या पडद्यासमोर, युर्गन तिच्या मागे उभा. चार वाजून चौदा मिनिटांनी दक्षिणेकडून उपग्रह वर आला आणि किरण जुळला. पडद्यावर हिरवी रेघ सरळ धावू लागली. एकवीस पॉइंट पाच. उपग्रह डोक्यावर आला. दुर्बीण गर्रकन वळली, ते वळण, ज्याच्यावरून एवढं रामायण झालं, आणि उत्तरेकडे उतरायला लागली. एकवीस पॉइंट सात. रेघ हलली नाही. उत्तरेचा डोंगर स्थिर होता, त्याच्यावरची हवा स्थिर होती, आणि सूरच्या त्या मुलीचा हात तर मुळातच स्थिर होता. किरण शेवटपर्यंत, उपग्रह डोंगराआड जाईपर्यंत टिकला. सहा मिनिटं चाळीस सेकंद.

"खलास!" बुथैना ओरडली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली.

तानाजीचं लक्ष आकड्यावर होतं. एकवीस पॉइंट आठ. त्याने कॉम्प्रेसर सुरू केले आणि वेळ दारामागे लिहिली.

युर्गनने रिपोर्ट लिहायला घेतला तेव्हा तो तानाजीकडे आला. "कारण म्हणून 'बसवताना केलेला बदल' असं लिहितो. नाव लिहायची गरज नाही."

"लिहा सर," तानाजी म्हणाला. "मॅडमचं नाव लिहिणार होतात ना? मग माझं लिहायला काय हरकत आहे?"

युर्गनने लिहिलं. त्याच पानावर खाली त्याने दुसरंही एक वाक्य लिहिलं, की दोष शोधला तोही याच माणसाने, स्वतःच्या नोंदींवरून. ते तानाजीला बऱ्याच दिवसांनी कळलं. पंधरा दिवसांत आउटडोअर पश्चिमेच्या उतारावर गेले, साठ मीटर पाइपांसकट. वर पत्र्याचं छप्पर त्याने स्वतः घातलं, कारण ऊन ते ऊनच. या खेपेला अलीमियाँ एवढ्या वयात टॅक्सी करून डोंगरावर आले, पाइपांना हात लावून बघितला आणि म्हणाले, "लांब हायत. पण सरळ हायत."

मार्चमध्ये स्टेशनाचं उद्घाटन झालं. काम करणाऱ्यांच्या घरच्यांनाही बोलावणं होतं. सुगंधा ठेवणीतली पैठणी नेसून आली. उर्वी येताना गाडीत गप्पच होती. मैत्रिणींना सांगितलेलं स्पेसचं प्रकरण आता उघडं पडणार, अशी तिला धास्ती असावी. सूरहून बुथैनाचे आजोबा आले होते, काठी टेकत, पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात. मस्कतहून मोठे पाहुणे आले होते.

पाहुण्यांना फिरवताना बुथैना त्यांना दुर्बिणीकडे न्यायच्या आधी पॅनेलशी थांबली आणि तिने दार उघडलं. आतून ते रंगवायला माणूस आला होता, तिने त्याला परत पाठवलं होतं.

"हे काय आहे?" पाहुण्यांमधल्या सर्वांत मोठ्या गृहस्थाने विचारलं. दारभर निळ्या शाईतले आकडे होते, आणि एका जागी तीन ओळी.

"या स्टेशनाची पहिली वही," बुथैना म्हणाली. "पण त्या तीन ओळी मला वाचता येत नाहीत."

तानाजी मागे सरकत होता. त्याला दिसलं की उर्वी पुढे जाते आहे. दाराशी जाऊन तिने अक्षरांवर बोट ठेवलं आणि वाचायला लागली, एकेका अक्षरापाशी थांबत.

"चू-क मा-झी आहे. आउटडोअर मी... उत्त... उत्तरेला लावले. म्या... मॅडमचा हात ब-रो-बर आहे." ती थांबली. खालचं नाव तिने न अडखळता वाचलं. "तानाजी शिगवण."

कुणीतरी म्हणालं, अर्थ सांग. उर्वीने वळून सगळ्यांकडे पाहिलं आणि इंग्रजीत अर्थ सांगितला, एकही शब्द न गाळता. बुथैनाने तो आजोबांना अरबीत सांगितला. म्हाताऱ्याने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि उजवा हात छातीवर ठेवला.

"हे कुणी लिहिलं?" त्या मोठ्या गृहस्थाने विचारलं.

"माय फादर," उर्वी म्हणाली. तिचा आवाज त्या घुमटात स्वच्छ घुमला. "ही इज द एसी मेकॅनिक."

सुगंधाने पदर डोळ्यांना लावला. सगळे तानाजीकडे बघत होते आणि त्याला हात कुठे ठेवावे कळेना. शेवटी त्याने खिशातलं पेन काढलं, दाराशी जाऊन, लेकीच्या बोटाशेजारी, त्या दिवसाची तारीख, वेळ आणि खोलीचं तापमान लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.